सतराची शहाण्णव

कोंडीराम शेजवळला हाडं वाचता यायची. इंग्रजी वाचता यायचं नाही. आमच्या संस्थेत दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा मोठी धरायचे, त्याची ही हकीकत. मी नंदा आपटे, त्याच संस्थेच्या आस्थापना विभागात छत्तीस वर्षं होते. टाईपिस्ट म्हणून लागले, अधीक्षक म्हणून निवृत्त झाले. पुरातत्त्वातलं मला काडीचं कळत नाही, पण कुणाच्या सहीने कुणाचा गळा कापला गेला ते तारखेसकट सांगेन. त्यातल्या एका कागदाचं टायपिंग माझं आहे, तेही सांगणार आहे.

एक आधीच कबूल करते. समोर असताना मी कोंडीरामला अहो-जाहो करायचे. पाठीमागे तो 'तो'च होता, मला आणि सगळ्या ऑफिसला. आता लिहिताना 'ते' म्हणून उगाच सोज्ज्वळपणा आणणार नाही.

चौऱ्याहत्तर साली आमचे त्या वेळचे विभागप्रमुख पाध्ये सर नगर रस्त्याच्या पलीकडे एका नदीकाठच्या गावी पांढरी खणत होते. पांढरी म्हणजे गावालगतचं जुन्या वस्तीचं टेकाड. तीन हजार वर्षांपूर्वी तिथे शेती करणारी माणसं राहायची आणि आपली मेलेली पोरं घराच्याच जमिनीखाली पुरायची, दोन मडकी तोंडाला तोंड लावून, आत पोर. कोंडीराम त्याच गावचा. एरवी भवानी पेठेतल्या भुसार बाजारात पोती उचलायचा, सुगीला घरी आला होता, तो मजुरीवर खणायला लागला. मडक्यात हाड दिसलं की बाकीचे मजूर टिकाव टाकून बाजूला व्हायचे. हा खाली बसायचा आणि बाभळीच्या काट्याने तासन् तास माती काढायचा. हंगाम संपल्यावर सरांनी त्याला पुण्याला आणलं आणि हाडांच्या प्रयोगशाळेत परिचर म्हणून लावून घेतलं.

लावून घेतलं त्यात उपकार काही नव्हते. हाडांना हात लावायला संस्थेतला दुसरा एकही शिपाई तयार नव्हता. एकाच्या घरी देव होते, एकाची बायको गरोदर होती. आमच्या भांडारपालांनी चहा पिता पिता निकाल देऊन टाकला, "शेजवळला द्या की. त्यांच्यात सवय असते." मी तिथेच बसले होते. हसले नाही, पण बोललेही काही नाही. कोंडीराम दारात उभा होता. त्याने ऐकलं आणि भांडाराची किल्ली मागितली.

त्यांच्यात सवय कसली होती ते पुढे त्यानेच मला सांगितलं. त्याचा बाप गावातली मेलेली जनावरं ओढायचा. बौद्ध झाले तेव्हा सगळ्या आळीने ते काम टाकलं. गावाने वाट अडवली, पाणी अडवलं, पण बापाने पुन्हा दोरीला हात लावला नाही. आणि वीस वर्षांनी आपला पोरगा पुण्यात जाऊन हाडंच उचलतो हे कळल्यावर म्हातारा दोन वर्षं त्याच्याशी बोलला नाही. शेवटी कोंडीराम त्याला प्रयोगशाळेत घेऊन आला, टेबलावर मांडलेला एक सांगाडा दाखवला आणि म्हणाला, "ती ओढायची होती, आबा. ही वाचायची हायेत." म्हाताऱ्याला पटलं की नाही कुणास ठाऊक. घरी जाताना एस. टी. स्टँडवर मात्र त्याने पोराला बिडी दिली म्हणे.

वाचायची कशी, ते मलाही दाखवलं होतं त्याने. मी सही घ्यायला जायचे आणि दारातूनच रजिस्टर पुढे करायचे. एकदा म्हणाला, "या आत, बाई, कोण उठून बसत नाय." कमरेचं हाड हातात घेऊन मागच्या बाजूची खाच दाखवली. अंगठा घालून बघायचा. ऐसपैस हलला तर बाई, अडकला तर गडी. दातांवर आडव्या रेघा असल्या तर लहानपणी उपास घडलाय किंवा मोठं दुखणं काढलंय. डोळ्यांच्या खोबणीच्या छतावर बारीक भोकं असली तर अंगात रक्त नव्हतं. "सगळ्या बायकांच्या खोबणीत भोकं हायेत, बाई. तवापासून तेच," असं म्हणून त्याने कवटी रुईच्या गादीवर ठेवली. मी घरी जाऊन डोक्यावरून आंघोळ केली. हेही लिहूनच ठेवते.

साफ केलेल्या प्रत्येक हाडावर नंबर घालायचा असतो. आधी बिनरंगी नेलपॉलिशचा हात, त्यावर काळ्या शाईने आकडा, वर पुन्हा नेलपॉलिश, म्हणजे पुसत नाही. बिबवेवाडीत त्याच्या घराजवळचा बांगडीवाला त्याला महिन्याला डझनभर बाटल्या द्यायचा आणि विचारायचा, "शेजवळ, बायका किती तुम्हाला?" हा म्हणायचा, "साठएक हायेत, पण बोलत नायत."

आकडे इंग्रजीत घालू का मराठीत, हे कोंडीरामने विचारलं होतं. इंग्रजी आकडे त्याला येत होते, ते कुणाला येत नाहीत? पण पाध्ये सरांना त्या काळात मराठीचा उमाळा होता. सत्त्याहत्तर साली त्यांनी परिपत्रकच काढलं, 'अस्थींवरील सर्व क्रमांक देवनागरीत घालण्यात यावेत.' टाईप मी केलं, कार्बन कॉपी फाईलला लावली. पहिल्या तीन हंगामांचे ऐंशी सांगाडे तसेच नोंदले गेले. पुढे नवे प्रमुख आले, उमाळा ओसरला, ऐंशी नंबरच्या पुढचे आकडे इंग्रजीत गेले. जुने कुणी बदलले नाहीत, बदलायचं कारणही नव्हतं.

आता सतरा नंबरचं सांगते, कारण सगळं तिच्यावर आहे. ती एकोणीस-वीस वर्षांची बाई होती. तिच्या पोटाच्या जागी चाळणीत काड्यांसारखी बारीक हाडं आली. ती पाखराची असतील म्हणून कुणीतरी वेगळ्या पुडीत बांधून ठेवली होती. कोंडीरामने आठ महिने त्या पुडीचा पिच्छा सोडला नाही. मार्केट यार्डाच्या मागच्या खाटकाकडून कोंबडीची, तितराची, सशाची हाडं आणून उकळून शेजारी मांडली. एकही जुळलं नाही. मग मडक्यातल्या सगळ्यात लहान पोराची हाडं काढून जुळवली, आणि तिथे जुळलं. बाई पोटुशी होती आणि पोर बाहेर यायच्या आत दोघं गेली. पाध्ये सरांनी ते तपासलं, दुसऱ्या एका डॉक्टरांकडून तपासून घेतलं आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "कोंडीराम, हिच्यासाठी अहवालात तुझं नाव येईल. छापून येईल."

उत्खननाचा अहवाल म्हणजे आमच्याकडे शेवटचा शब्द. तो आज निघेल, उद्या निघेल असं करत पंचवीस वर्षं निघाला नाही. सर निवृत्त झाले. कोंडीरामची मुलगी उत्कर्षा शिकली, इंजिनियर झाली, हिंजवडीला कंपनीत लागली. पण याचं एकच. दर दिवाळीच्या आधी माझ्या टेबलाशी येऊन विचारायचा, "अहवालाचं काय, बाई?" मी म्हणायचे, "प्रेसला गेला की कळवते हो." त्याला पदोन्नती नको होती, सत्कार नको होता. छापलेल्या पानावर सतरा नंबरच्या शेजारी शेजवळ हे नाव हवं होतं. माझ्या मते ते त्याला आबाला दाखवायचं होतं, पण आबा तोपर्यंत गेला होता.

दोन हजार एक साली खाडिलकर सर प्रमुख झाले. अमेरिकेत चार वर्षं काढून आले होते. माणूस हुशार, पण नाकाने कांदे सोलायची सवय. त्यांनी संगणकीकरणाला अनुदान आणलं. कल्याणीनगरच्या एका कंपनीची मुलं आली. प्रयोगशाळेत एसी बसला, काचेचं दार बसलं. सौरभ नावाचा मुलगा त्यांचा म्होरक्या, चोवीस वर्षांचा, वागायला गोड. त्याने पहिल्याच दिवशी कोंडीरामला सांगितलं, "काका, तुम्ही रिलॅक्स करा. डस्ट येते, सो बाहेर बसा प्लीज." सव्वीस वर्षं ज्या खोलीत बसला त्या खोलीबाहेर स्टूल टाकून कोंडीराम बसला.

मुलं हाड उचलायची, आकडा वाचायची, कीबोर्डवर मारायची, हाड नव्या प्लॅस्टिकच्या क्रेटमध्ये टाकून वर बारकोड चिकटवायची. जुनी खोकी, त्यांवरच्या चिठ्ठ्यांसकट, रद्दीत. इंग्रजी शाळेत शिकलेली मुलं ती. पुण्यातच जन्मलेली, बसचे नंबर मराठीत बघत वाढलेली म्हणावं तर ती बसने जात होती कुठे? त्यांनी मराठी एक वाचला नऊ. चार वाचला आठ. सात वाचला सहा. चौदा नंबर झाला अठ्ठ्याण्णव, सतरा नंबर झाली शहाण्णव. आणि खरा शहाण्णव तिथे आधीच होता, इंग्रजीत लिहिलेला, पन्नाशीचा गडी. दोघं एका क्रेटमध्ये गेले.

कोंडीरामने काचेतून पाहिलं. दार ढकलून आत गेला आणि म्हणाला, "ते सतरा हाय, दादा." सौरभने पडद्याकडे बघून सांगितलं, "काका, सिस्टीममध्ये नाइन्टी सिक्स आहे." हा खाडिलकर सरांकडे गेला. सर फोनवर होते. दुसऱ्या दिवशी गेला, तेव्हा सर म्हणाले की शेजवळ, तुम्हाला कॉम्प्युटरची भीती वाटते, स्वाभाविक आहे. मग तो माझ्याकडे आला आणि खुर्चीला हात टेकून म्हणाला, "बाई, पोरांनी तिला शहाण्णव कुळी केली." मला हसू आलं. तो हसला नाही.

वर्षभराने खाडिलकर सरांनी परदेशात परिषदेत ती सगळी आकडेवारी पडद्यावर दाखवली. त्यात पन्नास वर्षांचा एक पुरुष होता आणि त्याच्या ओटीपोटात सात महिन्यांचा गर्भ. सभागृहात कोणीतरी आधी खोकलं, मग सगळे हसले. सर परत आले ते लालबुंद होऊन.

निस्तरलं कोणी? कोंडीरामने. पाच महिने काचेच्या आत बसून त्याने क्रेट उपसले. आकड्यांवर विसंबलाच नाही. सांध्यात सांधा बसतो का, रंग जुळतो का, झीज सारखी आहे का, हे बघत ऐंशी माणसं पुन्हा वेगळी केली. कुठली फासळी कुणाची ते त्याला तोंडओळखीने आठवत होतं. सौरभ तोवर दुसऱ्या कंपनीत गेला होता, जास्त पगारावर. सतरा नंबरची बारीक हाडं त्याने पुन्हा तिच्या पोटाशी ठेवली आणि त्या दिवशी ऑफिसात पेढे वाटले. कशाचे, ते माझ्याशिवाय कुणाला कळलं नाही.

पण अनुदान देणाऱ्यांना खुलासा हवा होता. कंपनीवर खापर फोडावं तर कंपनी सरांनीच आणलेली. चौकशी समिती बसली, तीन माणसांची, आणि तिने ठरवलं की परिचराने स्वतःच्या मनाने अप्रमाणित आकडे वापरले. कोंडीरामने सांगितलं की सरांचा कागद होता. पाध्ये सरांना पत्र गेलं. ते डेक्कनला मुलाकडे राहत होते, रोज फिरायला जात होते, बुद्धी शाबूत होती. त्यांचं दोन ओळींचं उत्तर आलं, 'तपशील आता स्मरत नाहीत.' खाडिलकर त्यांचे विद्यार्थी. मोठ्या लोकांची स्मृती अशी वेळेवर जाते.

मग कोंडीराम माझ्याकडे आला. "बाई, तो कागद तुम्हीच टाईप केला होता ना? नक्कल असंल."

नक्कल होती. त्याच्या आदल्याच दिवशी मी ती कपाटातून शोधून काढली होती, माझ्या आद्याक्षरांसकट. ती घेऊन मी खाडिलकर सरांकडे गेले होते. सरांनी कागद वाचला, घडी घालून फाईलमध्ये ठेवला आणि म्हणाले, "आपटेबाई, ही सगळी कपाटं निर्लेखनाला काढायची आहेत ना? ही आधी काढा. आणि हो, अधीक्षकपदाची तुमची फाईल परवा माझ्याकडे येते आहे." आवाज चढवला नाही, धमकी दिली नाही. चहा मागवला.

मी कोंडीरामला म्हटलं, "नाही हो आठवत. सापडली तर सांगते."

तो माझ्याकडे बघत राहिला. हाडाकडे बघायचा तसा, उलटसुलट करून. मग "बरं" म्हणाला. फाईल निर्लेखनाला, म्हणजे रद्दीत गेली. मार्च दोन हजार चारमध्ये त्याला मेमो मिळाला, सेवापुस्तकात ताशेरा आला, 'निष्काळजीपणामुळे संस्थेच्या प्रतिष्ठेस बाध'. तो मेमो मी टाईप केला. एकही चूक नव्हती. जूनमध्ये तो निवृत्त झाला. निरोप समारंभाला आलाच नाही, नारळ आणि शाल तीन आठवडे माझ्या टेबलाखाली पडून होती.

अहवाल निघाला दोन हजार सातमध्ये. जाडजूड, इंग्रजीत, परदेशी कागदावर. मी तोपर्यंत अधीक्षक होऊन तीन वर्षं झाली होती. अहवालाची पानं मी चाळली आणि जिथे नको तिथेच माझी नजर गेली.

पुढच्या रविवारी सकाळी दारावरची बेल वाजली. कोंडीराम. पांढरा शर्ट, इस्त्रीची पॅन्ट, काखेत पिशवी. इतक्या वर्षांत तो माझ्या घरी पहिल्यांदाच आला होता, कारण मी कधी बोलावलंच नव्हतं. आत आला, सतरंजीकडे बघून थांबला, मीच खुर्ची पुढे केली. पिशवीतून अहवाल काढला. पैसे भरून विकत घेतला होता त्याने. एका पानात बसचं तिकीट घातलं होतं, ते पान उघडून माझ्यासमोर धरलं.

"माझं नाव हाय इथं, बाई. एवढं मला लागतं. पुढं काय लिवलंय ते वाचून दाखवता का?"

पान मला पाठ होतं. तळटीप होती ती. 'पहिल्या तीन हंगामांतील अस्थींच्या क्रमांकांमध्ये परिचर के. शेजवळ यांच्या अनियमित नोंदींमुळे गंभीर गोंधळ निर्माण झाला होता. तो डॉ. खाडिलकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी परिश्रमपूर्वक दूर केला.' वर मजकुरात सतरा नंबरची बाई होती आणि तिच्या पोटातल्या बाळाचा शोध होता, तो 'डॉ. खाडिलकर यांच्या निदर्शनास आला.'

मी चष्मा लावला. इतकी वर्षं अक्षरं डोळ्यांनी उचलून बोटांनी ठेवली, कधी एक अक्षर इकडचं तिकडे केलं नाही. त्या दिवशी केलं. म्हटलं, "लिहिलंय की पहिल्या तीन हंगामांतल्या अस्थींचं काम श्री. के. शेजवळ यांनी केलं, आणि सतरा क्रमांकाच्या सांगाड्याबद्दल संस्था त्यांची आभारी आहे." वाचताना ओळीखालून बोटही फिरवलं. आवाज चांगला लागला होता माझा.

कोंडीरामने मान हलवली. पुस्तक माझ्या हातातून घेतलं, तिकीट काढून खिशात टाकलं आणि पान मिटलं.

"उत्कर्षाने परवाच वाचून दाखवलंय," तो म्हणाला. "दोनदा. दुसऱ्यांदा तिला रडू आलं, मी बस म्हणलं. मला बघायचं होतं तुम्ही काय वाचता."

काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, "तुम्हाला वाईट वाटेल म्हणून हो."

"कागदाच्या वेळचं मला कळलं होतं, बाई," तो म्हणाला. त्याचा आवाज नेहमीचाच होता, खाच दाखवताना असायचा तसा. "नक्कल तुमच्याकडंच होती, मला म्हाईत होतं. म्हणलं, नोकरी हाय, साहेब हाय, भ्यालं माणूस. मी कुणाला बोललो नाय त्याबद्दल. पण आज इथं कोण होतं? तुम्ही आन् मी. आज कुणाला भ्यालात?"

मी चहा ठेवते म्हटलं. तो नको म्हणाला, पुस्तक पिशवीत घातलं, दारात वाकून चपला घातल्या आणि जिना उतरून गेला.